कूपेतलं कोरं कार्पेट

“नुसता रंगच बघताहेत, बरं आहे,” गाडीचा मालक बायकोला जर्मनमध्ये पुटपुटला. मी आल्यापासून गप्पच होते, म्हणून मला भाषा कळत नाही असं त्याला वाटलं असावं.

इंगोलश्टाटजवळच्या त्या गॅरेजात दादा ही जुनी कूपे घ्यायला आला होता. छत कापून बुटकं करायचं, मोठं इंजिन बसवायचं, हॉट रॉड बनवायची, हे त्याचं कॉलेजपासूनचं वेड. पण सीट फाटलेल्या आणि कार्पेट मात्र कोरं, गोंदाचा वास येणारं. खालचा पत्रा गंजलेला असला तर सगळंच फुकट.

दादा चाकापुढे वाकला. “तायडे, नारळ दे ना. कस्टम्समध्ये अडकला का?”

एकदा नारळ फुटला की तो माघार घेणार नव्हता. मी पिशवी पाठीमागे धरली आणि मालकाला जर्मनमध्ये म्हणाले, “आधी ते कार्पेट उचलून दाखवा.”