पायसाच्या हंड्यातला प्रयोग

अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात कनका बावीस वर्षं सोल्डरिंग करते. यंदा तिनं स्वतःच्या डोक्यानं एक यंत्र केलं. तळ्याचं पाणी चढू लागलं की बिनतारी लहरींवरून घराघरांत घंटा वाजवणारं. गेल्या पावसात पाणी तिच्या देवघरातल्या पाटाला लागलं होतं, ते काही मनातून जात नव्हतं.

चूक मात्र घडली. मागवलेली चिप नऊशे पंधरा मेगाहर्ट्झवर लावून आलेली. चिप जिथून आली त्या देशात तो लहरींचा पट्टा सगळ्यांना मोकळा, इथे मोबाइल कंपन्यांचा. कनकानं न बदलताच गच्चीवर चाचणी घेतली आणि आसपासच्यांचे फोन बोलता बोलता तुटू लागले. चौथ्या दिवशी बिनतारी खात्याचे अधिकारी दारात.

यंत्राला सील लागलं. मालक रविकांतनी घाईघाईनं पत्र टाइप केलं: चूक झाली. यापुढे असे प्रयोग करणार नाही.

"सही कर, कनकाक्का. सुटू दे एकदाचं."

कनकानं दुसरी ओळ खोडली, मग सही केली. "चूक माझी, कबूल. पुढचं का लिहून देऊ?"

अधिकारी म्हणाले, "अम्मा, आपल्याकडेही एक मोकळा पट्टा आहे ना? त्यात करा."

"त्यात इथल्या सगळ्या कारखान्यांची मीटरं बडबडतात, सार. पुरात माझी घंटा कोण ऐकणार? मला दुसरा पट्टा तपासायचाय."

"मग उघड्यावरच्या प्रयोगाला परवाना. वेळ लागेल."

"आणि लहर बाहेर गेलीच नाही तर?"

"तो परवाना वेगळा, लवकर मिळतो. पण बाहेर जात नाही हे दाखवावं लागेल."

"दाखवते."

घरी तिनं माळ्यावरून नैवेद्याच्या पायसाचा तांब्याचा हंडा उतरवला. सासूबाई कामाक्षी दारात आडव्या उभ्या.

"देवाचा हंडा कारखान्यात? मग पायस काय तुझ्या डब्यात शिजवू?"

"यंदा कुकरात करा, आत्याबाई. पाटच बुडाला तर देवाला बसवणार कुठे?"

कामाक्षी बाजूला होत म्हणाल्या, "चिंचेनं घासून ने. काळा हंडा दाखवशील चारचौघांत."

कारखान्यात अधिकाऱ्यांसमोर झाकणाच्या कडेला तांब्याची जाळी दाबून कनकानं आपला फोन हंड्यात बंद केला. अधिकाऱ्यांनी दोनदा नंबर फिरवला. लागला नाही; लहर तांब्याच्या आरपार जात नव्हती. त्यांनी लवकरच्या परवान्याचा अर्ज पुढे सरकवला.

परवाना आला, यंत्राचं सील निघालं. हंड्यातलं काम सुरू झालं, तसा उघड्यावरचाही अर्ज तयार झाला. जागा: तळ्याचा बांध. मुदतीच्या रकान्यात रविकांतनी भीत भीत 'आठ दिवस' लिहिलं होतं. कनकानं ते खोडून लिहिलं, 'पाऊस संपेपर्यंत'.