दहीभाताची पैज: आचोळे, कळंब, सांडोर

ही सहल ठरली भांडणातून. आमच्या सासूबाई मालवणच्या. लग्न होऊन नालासोपाऱ्याला, आचोळ्यात आल्या, पण जीभ तिकडेच ठेवून आल्या. दीड वर्षापूर्वी मी मासे-मटण सोडलं तेव्हा त्या आठवडाभर गप्प होत्या. मग मी दूध, दही, तूपही सोडलं आणि त्या जे बोलायला लागल्या ते आजतागायत थांबलेल्या नाहीत.

कारण साधं आहे. शाळेच्या मुलांना घेऊन मी एका तबेल्यात गेले होते. मुलं म्हशी बघत होती आणि मी कोपऱ्यात आखूड दाव्याने बांधलेलं पारडू बघत होते. आईचा पान्हा दोन हातांवर, आणि याचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. घरी आले आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. सासूबाईंचं म्हणणं, हे सगळं फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं खूळ. वर मागच्या वर्षी माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या, तपासणीत बी-बारा कमी निघालं आणि त्यांच्या हाती कोलीतच मिळालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुंग्या गेल्या, पण सासूबाईंचा मुद्दा राहिलाच: गोळी घेऊन भरून काढावं लागतं ते जेवण कसलं? मी म्हटलं, आई, तुम्ही आयुष्यभर बांगडे खाल्लेत, तरी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेता. त्यावर दोन दिवस घरात भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

शेवटी पैज लागली. आम्ही दोघींनी स्कूटरवरून दोन दिवस फिरायचं. माझ्यासाठी कुणी वेगळा घाट न घालता मला दर वेळी पोटभर जेवण मिळालं, तर त्या हा विषय कायमचा बंद करणार. एकदा जरी मी अर्धपोटी उठले, तर सोमवारी मी त्यांच्या हातचा दहीभात खायचा. मी हो म्हणून बसले. उतावळेपणा हा माझा जुना मित्र.

गुरुवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. कळंबच्या खोल्यांचं भाडं तेव्हा चढतं आणि किनाऱ्यावर माणूस माणसाला खेटून उभा असतो. आचोळ्याहून पूल ओलांडून पश्चिमेला यायचं आणि निर्मळच्या रस्त्याला लागायचं. स्टेशनचा गोंगाट मागे पडला की वाड्या सुरू होतात, विहिरी दिसतात, हवा गार लागते. सासूबाई मागे बसून प्रत्येक वळणावर मला ब्रेकची आठवण करून देत होत्या.

कळंबला आम्ही कमळाताईंकडे उतरलो. समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. नवरा होडीवर जातो, खोल्या आणि जेवण त्या बघतात. मी सांगितलं, मासे नको, मटण नको, अंडं नको, दूध-तूप नको, बाकी तुमच्या घरात जे असेल ते द्या. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, वांगी आहेत. मी मनात गुढी उभारली. संध्याकाळभर सुरूच्या झाडांखाली हिंडले, वाळूवर वाळत घातलेल्या जाळ्यांचे फोटो काढले आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला बसले.

तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, डाळ आणि वांग्याचा लालभडक रस्सा. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि वास ओळखीचा वाटला. वांग्याच्या फोडी बाजूला सारल्या, तर खाली सुकवलेला जवळा, म्हणजे बारीक कोलंबीच. कमळाताईंना विचारलं, तर त्या खरोखर गोंधळल्या.

"मच्छी कुठं टाकली मी? ह्यो तर जवला हाय. मूठभर, चवीला. त्याबिगर वांग्याला चव येनार कशी?"

त्या मुळीच लबाडी करत नव्हत्या. त्यांच्या हिशेबी मच्छी म्हणजे ताटात तुकडा पडतो ती, जवळा मसाल्याच्या डब्याशेजारी राहतो. सासूबाईंना हे मला समजावून सांगण्याची गरजही वाटली नाही, कारण आमच्या घरीही वांग्यात सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, असेच जातात. त्यांनी माझी वाटी शांतपणे आपल्याकडे ओढली आणि रस्सा झकास झालाय म्हणून कमळाताईंची पाठ थोपटली. डाळही त्याच डावाने ढवळलेली होती. मी चटणी-भाकरी खाऊन उठले. अर्धपोटी.

जेवणानंतर कमळाताई अंगणात येऊन बसल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग न रागावता एकच विचारलं, सगळ्यांनीच असं ठरवलं तर आमच्या होड्यांनी काय करायचं? मी एवढंच म्हटलं की मी माझ्या ताटाचं ठरवलंय, गावाचं नाही. त्यांना ते पटलं की नाही कुणास ठाऊक. पण सकाळी निघताना त्यांनी भाजलेल्या शेंगांची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, यात कायबी नाय. सासूबाई मात्र रात्रीपासून दहीभातात डाळिंबाचे दाणे घालावेत की द्राक्षं यावर माझं मत विचारत होत्या.

शुक्रवारी निर्मळला परत येऊन भुईगाव, गिरीज करत सांडोर गाठलं. रस्ता अरुंद आहे, घाई करू नका. दोन्ही बाजूंना केळी, अळू, विड्याच्या पानांचे वेल, आणि वळणावळणावर फुलं वाहिलेला क्रूस. माझ्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकेची आई, आग्नेसमावशी, तिथे वाडीत राहते. आम्ही फक्त वाडी बघायला म्हणून गेलो होतो. जेवायला थांबवतील अशी आशा होती आणि भीतीही, कारण या घरचे सणाचे बेत मी ऐकून होते.

पण दिवस प्रायश्चित्तकाळातले होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मावशी मांस, मासे, अंडं शिवत नाही, आणि शुक्रवारी दूधही नाही. हा तिचा स्वतःचा नेम, आईकडून आलेला. तिने आमच्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. तिचं तेच आमचं: केळफुलाची भाजी, वालाची आमटी, ओल्या नारळाची चटणी, तांदळाची भाकरी. मी डाव हुंगला, भाजी उकरून बघितली, आणि मग तीनदा वाढून घेतलं. पोट तुडुंब भरलं. सासूबाईंनीही केळफुलाची भाजी दोनदा मागितली, तेव्हा मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

वाडीमागे मावशीची गाय होती. वासरू मोकळंच, हवं तेव्हा पिणारं. त्याचं झालं की मावशी उरलेलं काढते आणि शेण केळींना जातं. सासूबाईंनी लगेच मला धरलं: आता या दुधात काय पाप आहे? आणि तुझी केळी तरी शेणाशिवाय कुठे वाढली? खरं सांगते, मी अडखळले. या गायीचं दूध पिणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या दारात रोज येते ती पिशवी या गायीची नसते, आणि मला पिशवी बघितली की ते पारडूच दिसतं.

मावशी आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलत होती, घरच्यांशी त्यांच्या बोलीत. तिने मला विचारलं, "तुझा नेम कधी सुटणार?"

"सुटणार नाही, मावशी."

"ईस्टरची वाट बघत नाहीस?"

"कसलीच नाही."

ती हसली. "मग हा उपवास नव्हे गं. उपवासाला बसलेला माणूस सुटायची वाट बघतो. हे तुझं जेवणच आहे."

दीड वर्षात घरीदारी जे मला धड सांगता आलं नव्हतं, ते तिने ताटं उचलता उचलता सांगून टाकलं. मला भरून आलं. निघताना सासूबाईंनी मावशीकडून दोन नारळ मागून घेतले आणि परतीच्या रस्त्यावर ब्रेकचं नावही काढलं नाही.

तरीही पैज मी हरले होते. शनिवारी-रविवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. सोमवारी दुपारी शाळेतून आले, तर टेबलावर वाटी: पांढराशुभ्र दहीभात, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, डाळिंबाचे दाणे. मी खुर्चीवर बसले, चमचा उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, "आई, शब्द मोडतेय, माफ करा. मला नाही जमणार."

त्यांनी चमचा परत माझ्या हातात दिला.

"खा गो. नारळाचा आसा. खंयच्याच वासराच्या तोंडचा नाय."

नारळाच्या दुधात शेंगदाण्याचं दूध मिसळून, विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ टाकून त्यांनी दही लावलं होतं. शनिवारचं फसलं, रविवारचं लागलं. शेंगदाणे कमळाताईंच्या पुडीतले का, असं विचारलं, तर म्हणाल्या, भाजलेल्या दाण्यांचं दूध चांगलं निघत नाही, एवढंही कळत नाही का तुला. दही थोडं सैल होतं, थोडं गोडसर होतं. मी वाटी चाटून पुसून संपवली.

मग त्यांनी उरलेलं दही झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि वांग्यात सोडे घालायला घेतले. माझी वांगी त्यांनी आधीच दुसऱ्या पातेल्यात काढून ठेवली होती, आणि त्या पातेल्यावर वेगळा डाव होता.