दर दोन तासांनी कूस

माझ्या थोरल्या जावेशी मी दीड वर्ष बोलत नव्हते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं होतं. ती नको ते बोलली, मीही मागं सरले नाही. दोघींची घरं एकाच अंगणात, तरी धुणं वाळत घालताना आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. दवाखान्यात माझ्याजवळ राहायला तीच आली.

श्रावणात फुलांच्या शेडमधल्या माळ्यावरून मी क्रेट काढत होते. शिडी सरकली आणि मी खालच्या सिमेंटच्या ओट्याच्या कडेवर पाठीवर आदळले. मला उठवायला नवऱ्यानं माझे पाय धरले. त्यानं ते धरलेत हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

नाशिकला ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या घातल्या. पंधरा दिवसांनी मला पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवलं. वॉर्ड बायकांचा, तिथं पुरुष माणसाला मुक्कामाला थांबू देत नव्हते. माझी आई वारलेली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उठबस होत नव्हती. पहिल्याच संध्याकाळी जाऊ पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"दुसरं कुणी नव्हतं का?" मी विचारलं.

"नव्हतं," ती म्हणाली. पिशवी खाटेखाली सारली. "जरा सरक तिकडं." मग एकदम थांबली. "नको, तू नको सरकू. मी सरकवते."

तिथला दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. जाऊ हातमोजा घालून माझं पोट साफ करायची, कारण ते आपोआप होत नव्हतं. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवी कूस, पाठ, डावी कूस. सिस्टरनं हे सगळं तिला दोन दिवसांत शिकवलं. ती शाळा चौथीपर्यंत शिकलेली, पण एकदा सांगितलेलं विसरली नाही. मी पहिल्या दिवशी तोंडावर पदर घेतला, तर म्हणाली, "तोंड कशाला झाकते? श्वास कोंडंल." कमरेखालचं अंग माझं उरलं नव्हतं, ते तिचं काम झालं होतं.

दहा वाजता फिजिओ मॅडम यायच्या. मला पट्ट्यांनी एका फळीवर बांधून ती फळी हळूहळू उभी करायच्या. पहिल्यांदा अर्ध्यावरच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी मॅडमच्या हातावर ओकले. मग दंडांचे व्यायाम, खाटेवरून चाकाच्या खुर्चीवर सरकण्याचा सराव. सिस्टर रोज सांगायची, आरसा घ्या, नळी स्वतः घालायला शिका.

"ताई आहेत ना," मी म्हणायचे.

"ताई जन्मभर पुरणार का?"

मी भिंतीकडे तोंड फिरवायचे.

दसरा जवळ आला. जावेचा झेंडू तोडणीला आला होता आणि झेंडू काही थांबत नाही. चार दिवसांसाठी नवऱ्यानं एक बाई ठेवली. ती वाईट नव्हती, दमलेली होती. दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात काम करून इकडे यायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन तास होऊन गेलेले मला दिसायचे, तीन झालेलेही दिसायचे. पण तिनं सकाळीच माझी घाण काढलेली. आता उठून मला वळवा, हे सांगायला तोंड उघडेना. शिवाय दुखत तर काहीच नव्हतं.

जाऊ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत आली, बोटं झेंडूनं काळीहिरवी झालेली. हात धुऊन तिनं मला कुशीवर वळवलं आणि वाकून माझी पाठ बघत राहिली.

"काय झालं?"

"काय नाय. पडून ऱ्हा." ती सिस्टरला बोलवायला गेली.

सिस्टरनं मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. माकडहाडावर तळहाताएवढी काळी जागा होती. ती माझीच पाठ आहे हे मला पटवून घ्यावं लागलं. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापलं, तेव्हाही काही जाणवलं नाही. कात्रीचा आवाज तेवढा आला.

"तुला कळलं नाय?" जावेनं विचारलं. मग तीच म्हणाली, "कसं कळंल." ती खाटेजवळ फरशीवर बसली आणि रडली. "मी गेले नसते तर."

"ताई, मी त्या बाईला सांगितलंच नाही. मला लाज वाटली."

तिनं डोळे पुसले. "लाजेपायी मरायचं हाय का तुला?"

सहा आठवडे मला पालथं ठेवलं. व्यायाम बंद झाले. दंडांत आलेलं बळ गेलं. दिवसभर फरशी आणि जावेची पावलं दिसायची. त्याच दिवसांत समोरच्या खाटेवर इगतपुरीकडची एक बाई आली. मागच्या वर्षी तिथूनच घरी गेली होती, आता अशाच जखमेचा ताप घेऊन परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अतिदक्षता विभागात नेलं. संध्याकाळी तिच्या मुलीनं येऊन डबा आणि चपला गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरकडे आरसा मागितला.

नवरा दर रविवारी यायचा. बोटं मोडत बसायचा. एकदा म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला तू स्वतः तोडायला येशील बघ."

मी पालथीच होते, त्यामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून बोलता आलं. "अहो, मी चालणार नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय. तुम्हालाही सांगितलंय."

बोटं मोडण्याचा आवाज थांबला. "हो," म्हणाला. चहा आणतो म्हणून खाली गेला तो तासाभरानं आला, चहा न घेता. खाटेच्या कडेला उभा राहून म्हणाला, "न्हाणीला दोन पायऱ्या हायेत. फोडाव्या लागतील."

"फोडा," मी म्हणाले.

संक्रांतीच्या आधी घरी आले. पायऱ्या फोडलेल्या होत्या, पण न्हाणीच्या दारात खुर्ची शिरेना, चार बोटं कमी पडली. त्या दिवशी माझी अंघोळ मागच्या ओट्यावर झाली. सासूबाईंनी साडी आडवी धरली आणि जावेनं पाणी घातलं. शेजारची माणसं माना वळवून गेली. मग जाऊ तिच्या घरी गेली. तिलाही घर होतं.

आता तीन वर्षं झाली. नळी मी स्वतः घालते. सकाळी आणि झोपताना आरशात पाठ बघते. जखम एकदा पुन्हा उघडली होती, तेव्हा महिनाभर पालथी होते. पाय अधूनमधून आपोआप झटके घेतात, आणि नवीन माणूस समोर असला की त्याला वाटतं मी हलवले. सुरुवातीला सांगायला जड जायचं. आता सांगते, ते माझ्या हातात नाही.