साक्रीची खोली आणि धुळ्याची आत्या

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मला साक्रीला एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राला प्रवेश मिळालाय. सकाळी सहालाच डोंगरात झाडं अभ्यासायला निघावं लागतं. म्हणून आज पहूरहून नानांना, म्हणजे वडिलांना घेऊन खोली बघायला गेले.

तिसरी खोली पसंत पडली. खिडकीतून डोंगर दिसत होता. नानांनी नळ सोडून पाहिला, आतून कडी लावून पाहिली आणि होकार दिला.

तेवढ्यात धुळ्याहून आत्याचा फोन. "मन्हं घर शे ना धुळाले! पोर भाड्यानी खोलीम्हा ऱ्हायनी, ते लोके काय म्हणतीन?"

झालं! नाना घरमालकिणीला म्हणाले, "ताई, राहू द्या. बहिणीचं मन मोडवत नाही."

आता रोज धुळ्याहून दीड तास एसटी. मी पोचेपर्यंत वर्ग डोंगर चढून गेलेला असेल.

आत्याचा मुलगा पुण्यात शिकतो. तिथे माझे सख्खे काका, म्हणजे त्याचे मामाच राहतात. तरी तो खोली घेऊन राहतो. परतताना नानांना हे विचारलं, तर म्हणाले, "त्याला अभ्यासाला निवांतपणा लागतो."

मला काय लागतं, हे विचारणारं तुमच्या घरी तरी कुणी आहे का?