त्याचं म्हणणं मी आबांना सांगितलं नाही

नव्वदच्या दशकात मी पुण्यात शिकत होतो. आमच्या मेसला एक घानाचा मुलगा जेवायला यायचा. मुलगा म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठाच. तिकडं तो धंदेवाईक बॉक्सर होता. शेवटच्या लढतीत डाव्या डोळ्याला मार बसला, म्हणून भावाकडं पुण्याला येऊन राहिला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने डोक्याला धक्का नको. त्यानंतर मायदेशी मोठी लढत ठरलेली होती. ती जिंकली तर पुढं परदेशी रिंगणं. गच्चीवर दोरीच्या उड्या मारताना तो तेवढंच बोलायचा.

आमच्या गावच्या यात्रेला मी त्याला घेऊन आलो. गाव पळसदेवच्या अलीकडं. कुस्त्या बघायला म्हणून आणला खरा, पण खरं सांगायचं तर मला तो मिरवायचा होता. पुण्यात राहून नुसत्या भाकरी मोडतो, असं चुलते मला चारचौघांत म्हणायचे.

आखाड्यात एक पैलवान जोड मागत फिरत होता. हात पुढं करून कडंकडंनं जायचं, ज्यानं हात दिला त्याच्याशी कुस्ती ठरली, ही आमच्याकडची रीत. पैलवान आमच्यासमोर आला. माझ्या पाहुण्याला वाटलं, हा भेटायला आलाय. त्यानं हसून हात हातात घेतला. हलगी कडाडली, लोक उठून उभे राहिले.

काय झालं ते मी त्याला समजावलं. तो घाबरला नाही. शांतपणे म्हणाला, "यांना माझ्या डोळ्याचं सांग. एरवी मी आनंदानं उतरलो असतो."

जोड लावणारे आबा, आमचे वस्ताद, जवळ आले. "काय म्हणत्यात पाव्हणं? जमतंय का न्हाय? नसंल तर नारळ दिऊन सत्कार करू, त्यात काय."

मागून चुलते म्हणाले, "नुसता दाखवायला आणलाय व्हय रं?" लोक हसले.

मी म्हणालो, "आबा, तयार हाय त्यो."

आणि त्याला इंग्रजीत सांगितलं, की मी सगळं सांगितलंय, ते डोकं सांभाळून खेळतील.

दोन मिनिटं गेली असतील. पैलवानानं मानेवर हात टाकून खेचलं, डोक्याला डोकं लागलं, आणि पाहुणा मातीत आपटला. आमच्या कुस्तीत हे रोजचं. पैलवानानंच त्याला उठवलं, अंगावरची माती झाडली.

संध्याकाळी तो उजव्या डोळ्यावर तळवा धरून बसला आणि मला बोटं दाखवायला सांगितली. मी तीन दाखवली. तो म्हणाला, दोन. मी म्हणालो, बरोबर. का म्हणालो? त्या घटकेला सगळं ठीक असावं एवढंच मला पाहिजे होतं. तो निर्धास्त झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाव्या डोळ्यापुढं काळा पडदा उतरला. इंदापुरात तपासणारं कुणी भेटेना, एसटीनं बारामतीला नेला. तिथले डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, कालच पुण्याला न्यायला पाहिजे होता. पुण्यात ऑपरेशन झालं. डोळा आला नाही. एका डोळ्याच्या माणसाला रिंगणात कोण उतरवणार?

जायच्या आधी त्यानं विचारलं, "तू त्यांना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"मग त्या माणसानं जाणूनबुजून केलं."

मी त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली. तो पैलवानाचा द्वेष घेऊन गेला. घरचा पत्ता मात्र माझ्या वहीत लिहून गेला. माझ्यावर त्याचा राग नव्हता. मी एक ओळ लिहिली नाही.

पैलवान मात्र दर यात्रेला विचारायचा, पाव्हणं बरं हायत न्हवं? मी म्हणायचो, बरं हायत. अशी कितीतरी वर्षं.

गेल्या महिन्यात पैलवानाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो आता थकलाय, गुडघे गेलेत. ऐकून भिंतीला धरून उठला. मला वाटलं, मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "पत्ता हाय का त्येंचा?"

"जुना हाय."

"मग कागद घ्या. विंग्रजी मला येत न्हाय, तवा लिवायला तुमीच पायजे. पर आता मी सांगतो तेवढंच लिवायचं."