डोळ्यात जागा किती

माझ्या आतेभावाइतका संतापी माणूस पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका खोलीत बसवू नये. बिबवेवाडीत त्याचा डोळ्यांचा दवाखाना आहे. जाड चष्म्याला कंटाळलेल्यांच्या डोळ्यात, बुबुळाच्या मागे, बारीकशी लेन्स बसवणं हे त्याचं काम, आणि ती बसवण्याआधी आतली जागा मोजणं हे त्याचं वेड. लेन्स मोठी झाली तर डोळ्यातला दाब वाढतो, लहान झाली तर जागेवर राहत नाही, हे तो पेशंटला समजावत नाही, सुनावतो. "साधारण माप चालेल ना, डॉक्टर?" असं विचारणाऱ्या एका बाईंना तो म्हणाला, "ब्लाऊज उसवता येतो, बाई. डोळा कुठून उसवू?" साखरपुड्याआधी चष्मा घालवायला निघालेल्या एका आयटीतल्या मुलाने "सर, आजच डन होईल ना?" म्हटलं, तर त्याला उत्तर मिळालं, "आपण चुकून इथे आलात. शेजारी वडापाव मिळतो, तो लगेच होतो." माप घेणारी यंत्रं दोन. एकावर त्याचा विश्वास नाही, दुसऱ्यावर तर मुळीच नाही. आकडे जुळले नाहीत की "दोघंही थापाडे!" म्हणून तो असा गरजतो की बाहेर बसलेल्यांपैकी एखादा हळूच घरी निघून जातो.

अशा या दादाकडे मी माझ्या मुलीला नेलं. ती खो-खो खेळायची. सूर मारला की आधी चष्मा पडायचा आणि मग ती. त्याच्याशिवाय तिला समोरचा खांबही दिसत नसे. मैदानातल्या धुळीत कॉन्टॅक्ट लेन्स सोसवत नव्हत्या, लेसर करायला कॉर्निया पातळ. संघात राहायचं तर हा एकच मार्ग उरला होता. दादाने माप घेतलं आणि यंत्रावर खेकसला. दुसऱ्यावर घेतलं. "पापणी हलवू नकोस, मूर्ख मुली!" पुन्हा पहिल्यावर. नेमके त्या दिवशी आकडे जुळत होते. आतली जागा पुरेशी खोल नव्हती. लेन्स बसवली तर पुढे डोळाच धोक्यात येणार होता.

मी भडकलो. "दादा, एवढ्याशा फरकाने काय होतंय? चालवून घे ना!"

"चालवून घे? हिच्या डोळ्यात? तू बाप आहेस की एजंट?"

"मग दुसरीकडे करून घेतो!"

"जा! आणि परत मला तोंड दाखवू नकोस!"

सगळा दवाखाना ऐकत होता.

"काका, राहू दे," मुलगी म्हणाली. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. दादा खुर्ची ओढून पुन्हा यंत्रामागे बसला. "ये, अजून एकदा बघू," तो इतक्या हळू म्हणाला की मला आधी कळलंच नाही. तिने चष्मा काढून हनुवटी टेकवली. त्याने बराच वेळ पाहिलं, मग दिवा बंद केला.

"नाही गं बसत."

ती आता खेळत नाही. दादाचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कोणावर आहे हेही ठरत नाही. त्या दुपारी शेवटी तो नेहमीसारखा तिच्यावर ओरडला असता, तर तिला रडता तरी आलं असतं.