तानाबाईचा आवाज

छप्पन साली चिपळूणकडची दुर्गा नवऱ्यामागोमाग चिखलीला आली. त्याला पिंपरीच्या कारखान्यात काम लागलं होतं. सकाळी सायकलवर जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. घरमालकीण तानाबाईच्या घराला लागून भाड्याची एक खोली आणि कडेवर दोन वर्षांची सुमन, एवढाच तिचा संसार.

इथली माणसं बोलत नाहीत, अंगावर येतात, असं तिला पहिल्याच दिवशी वाटलं. तिच्या गावी भांडणसुद्धा नाकात, हेल काढून चालायचं. इथे तानाबाई साधं "जेवलीस का?" विचारायची, तेही पल्याडच्या शेतातल्या माणसाला हाक मारल्यासारखं. तिचं 'व्हय' दटावल्यासारखं आणि 'न्हाई' हाकलल्यासारखं. आपण हिच्या डोळ्यांत खुपतो, अशी दुर्गाने मनाशी खूणगाठ बांधली. हीच बाई रोज तिच्या दाराशी भाकरी-कोरड्यास ठेवून जायची, ते मात्र तिने जमेस धरलंच नाही.

ज्येष्ठात एका सकाळी ती आडावरून भरली घागर घेऊन अंगणात शिरली, तशी तानाबाई ओट्यावरून कडाडली, "ए पोरी, त्या आडाच्या पान्याला हात लावलास तर बघ!"

दुर्गाच्या डोक्यात सणक गेली. आता पाण्यावरूनही बोलणी खायची? पुढचं ऐकायच्या आत तिने दार लावून कडी घातली. तानाबाई दार बडवत ओरडत राहिली, दुर्गा कान गच्च दाबून बसली. हिने ऐकलं असेल, असं समजून तानाबाई शेतावर गेली. मग दुर्गाने हट्टाने त्याच घागरीतलं पाणी पोरीला पाजलं.

त्याच आडाचं पाणी पिऊन वरच्या आळीत दोघं पटकीने गेले होते. दुर्गाला हे कळलं तोवर सुमनचे डोळे खोल गेले होते. तानाबाईने दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपून घेतली, पण भोसरीच्या अलीकडेच पोर गेली.

तिसऱ्या दिवशी तानाबाई येऊन दाराशी बसली. "एवढी वरडत व्हते गं मी. कडी का न्हाई काढलीस?"

दुर्गा खरं तेच बोलली. "मला वाटलं, तुम्ही भांडताय माझ्याशी, मावशी."

तानाबाई उठून गेली. त्या दिवसापासून ती साऱ्या गावावर पूर्वीसारखीच ओरडायची, पण दुर्गा समोर आली की आवाज घशात दाबून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायची. दुर्गाला ते सोसवेना. वर्षभराने तिने न राहवून तानाबाईचे हात धरले.

"ओरडा की माझ्यावर, मावशी. पहिल्यासारख्या."

"न्हाई गं पोरी," तानाबाई म्हणाली, तेही हळूच.